लाल ठिपके

कुरामोचीने बॉनेट उघडलं आणि दिवा खाली नेला. स्टिअरिंगच्या पंपाजवळ पाइपाच्या जोडातून लाल तेल ठिबकत होतं.

"किती दिवस गळतंय?"

"जुनंच दुखणं आहे," हिराबायाशी म्हणाला. चाळिशीचा, खालच्या आवाजात बोलणारा माणूस. "वरचेवर तेल भरून चालवतो."

"तीस वर्षांचं हे खेळणं कशाला पोसताय?"

"विकवत नाही."

डाव्या दिव्यावरचं उघडमीट होणारं पत्र्याचं झाकण बदललेलं होतं. पांढरंच, पण बाकीच्या गाडीशी न जुळणारं. कुरामोचीने हात पुसले. बराच वेळ पुसले.

तीन वर्षांपूर्वी त्याची बायको, सुमिए, घाटातल्या वळणावर गाडीखाली गेली. रस्त्याकडेच्या नाणी टाकायच्या यंत्रातून शिरुकोचा, म्हणजे लाल घेवड्याच्या गोड सूपचा, गरम डबा आणायला ती बाहेर पडली होती. उडवणारा पळाला. मागे पांढऱ्या झाकणाचा तुकडा, लाल तेलाचे ठिपके आणि गटाराकडे घरंगळलेला डबा राहिला.

"गाडीचा नंबर नागानोचा. वाटेत एवढी गॅरेजं टाकून इथे?"

"तुमच्याबद्दल ऐकलं होतं, कुरामोची-सान." हिराबायाशीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "या...?"

"बायको. आज ती गेली ती तारीख. मेहुणी दर महिन्याला थडग्यावर तिच्या आवडीचा डबा ठेवून जाते. माझ्याशी बोलत नाही, पण तेवढं चुकवत नाही. त्या डब्यावर मी तगून आहे म्हणा."

हिराबायाशी खाली बघत राहिला. लाज वाटत असेल तर वाटू दे, कुरामोचीच्या मनात आलं.

पाइपाच्या बोल्टला तांब्याच्या वॉशर नव्या घालायच्या असतात. त्याने जुन्या, चेपलेल्याच परत बसवल्या. बोल्ट बोटांनी फिरेल तेवढाच फिरवला, पाना लावलाच नाही. उतारावरच्या वळणांवर तेल संपेल आणि स्टिअरिंग दगडासारखं जड होईल. सुमिए पडली तिथेच.

"झालं. आता सरळ घाट उतरा."

हिराबायाशी कमरेत वाकला. गॅरेजवाल्यापुढे कोणी इतका वेळ वाकत नाही. मग तो गाडीत बसला.

कुरामोची दारात कान देऊन उभा राहिला. घाटातून धडकेचा आवाज आलाच नाही. शेवटी त्याने आपला लहान ट्रक काढला आणि लाल ठिपक्यांच्या मागे निघाला.

ठिपके घाटाकडे वळलेच नव्हते. सुमिएचं थडगं ज्या देवळाच्या आवारात होतं, त्याच्या चढावर ते गेले होते. पायऱ्यांशी तेवढी एकच गाडी उभी होती, रिकामी. कुरामोचीने पाना उचलला आणि कोणाला दिसू नये म्हणून तो झाडांमधल्या पायवाटेने वर चढला.

सुमिएच्या थडग्यापाशी कोणी नव्हतं. दगड नुकताच धुतलेला, ओला. पुढ्यात शिरुकोचा डबा, दर महिन्यासारखाच.

त्याने तो उचलला. अजून गरम होता.

खाली इंजिन सुरू झालं, आणि आवाज घाटाच्या दिशेने उतरू लागला.