संतोषचा मोर्चा

“पाय पुसून या, दादा. घर हाय माझं,” पारुबाई म्हणाली.

घर नव्हतंच. धरणाच्या पोटात बुडालेल्या घराचा दगडी ओटा तेवढा होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तेवढा वर यायचा. भोवती भेगाळलेला गाळ, पुढं सिद्धेश्वरचं संथ पाणी, आणि संध्याकाळचा उजेड असा की पाणी कुठं संपलं नि आभाळ कुठं लागलं ते कळू नये. भुजंगनं धोतराच्या सोग्यानं खरंच पाय पुसले आणि तो ओट्यावर चढला. बनाबाई आधीच येऊन बसली होती.

तिघंही साठीला टेकलेली. धरणानं उठवलेल्यांना जमीन मिळावी म्हणून त्यांनी पहिला मोर्चा काढला, तेव्हा तिघांचे केस काळे होते. मग रोजगार हमीचे, नामांतराचे, दारूबंदीचे. उद्या पुन्हा निघायचं होतं. हिंगोली जिल्हा होऊन जेमतेम महिना झाला होता, आणि तिकडं कारगिलच्या डोंगरात लढाई पेटली होती. नव्या कलेक्टर कचेरीवर शांततेचा मोर्चा न्यायचा, निवेदन द्यायचं, एवढं ठरलं होतं.

“लोक दगड मारतील,” भुजंग म्हणाला. “पेपरात रोज जवानांचे फोटो येऊन राहिले, अन् आपण म्हणणार लढाई थांबवा.”

“मारू दे. दुष्काळात काय फुलं टाकली होती अंगावर?” बनाबाईनं पदरातून उपासाचे शेंगदाण्याचे लाडू काढले. एक त्याच्या हातावर ठेवला.

“हा उपास कशाचा? शांततेचा का?”

“सोमवारचा. शांततेचा धरला असता तर कधीच मेले असते मी.”

पारुबाई हसली. ती आल्यापासूनच हसत होती, ओंजळीत काही तरी झाकून आणल्यासारखी.

“उद्या पहिलं मी बोलणार हाय,” ती म्हणाली.

“बोल की. फौजीची माय तू. तुला कोण काय म्हणंल?”

“त्याच्यासाठी न्हाई, दादा. संतोषचा फोन आलता. नाक्यावर.” धरणानं उठवल्यापासून तिचा तांडा कनेरगाव नाक्याजवळ वसला होता, फोन यायचा तो ढाब्यावर. “पंजाबी ढाबेवाल्यानं निरोप आणला. माँ को बोलना, मैं मोर्चे पर जा रहा हूँ.” ती हिंदी तिनं एकेक शब्द जपून, प्रसाद वाटावा तशी सांगितली. “फौजेत जाऊन बी पोरगं मोर्चावर गेलं बघा. माझंच दूध ते.”

भुजंगच्या हातातला लाडू तोंडापर्यंत गेला नाही. हिंदीतला मोर्चा म्हणजे लढाईतली पुढची फळी, हे त्याला रेडिओ ऐकून ठाऊक होतं. बनाबाईलाही असावं. पारुबाईच्या उभ्या जन्मात त्या शब्दाचा एकच अर्थ होता.

“मागणी काय असंल गं त्यांची?” बनाबाईनं अगदी हळू विचारलं.

“घरला सोडा म्हणत असतील. दुसरं काय मागतंय लेकरू? रांगेत चालायचं तर त्यांना शिकवावं बी लागत न्हाई.” पारुबाई पाण्याकडं बघत होती. “अन् समोरच्या बाजूचे बी येतील. मोर्चा दिसला की माणूस आधी नुसतं उभं राहतंय, मंग कधी चालायला लागतंय ते त्यालाच कळत न्हाई. तू न्हाई का आलीस तशी? पाण्याला निघाली होतीस. घागर डोक्यावरच राहिली.”

“हिंगोलीपस्तोर राहिली,” बनाबाई म्हणाली.

तिच्या डोळ्यांपुढं बर्फाच्या उतारावरून एक रांग खाली येत होती. हात मोकळे होते. वाटेत दुसरी रांग येऊन मिळत होती, आणि कोणती कुठली ते ओळखू येत नव्हतं. भुजंगलाही ती दिसली. क्षणभर त्याला वाटलं, आपणही उठावं, चपला घालाव्यात.

बनाबाईनं त्याचं मनगट धरलं. सांगू नको, एवढाच तिचा अर्थ.

पण उद्या ही बाई कचेरीच्या पायऱ्यांवर उभी राहून हेच सांगणार होती. लोक दगड मारणार नव्हते. टाळ्या वाजवणार होते, आणि त्या कशासाठी ते तिला गर्दीतलंच कुणी तरी सांगणार होतं.

भुजंगनं मनगट सोडवून घेतलं.

“पारू,” तो म्हणाला. आजवर त्यानं तिला ‘बाई’ लावल्याशिवाय हाक मारली नव्हती. “हिंदीतला मोर्चा निराळा असतो.”

“निराळा म्हंजे?”

“लढाईची जागा. एकदम पुढची. सरकारनं धाडलंय त्याला तिथं.”

पारुबाईचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले. तिनं ओट्यावरची माती तळहातानं एका बाजूला सारली. पुन्हा सारली. दगड स्वच्छ झाला तरी हात फिरत राहिला.

“म्हंजे हा मोर्चा सरकारनंच काढला?”

“व्हय.”

तिनं हात थांबवला.

“मंग निवेदन कोणाला द्यायचं, दादा?”

भुजंगनं हातातला लाडू स्वच्छ दगडावर ठेवला. पलीकडच्या काठावर कुणी तरी मेंढरांना हाका घालत होतं.