वाण की गुण

"हा तुमचा मेंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या चित्रावर पेन टेकवलं. समोर बसलेला तरुण वेल्डर खुर्चीत पुढे सरकला. स्वतःच्या डोक्यात डोकावायची संधी कोण सोडतो? अडखळत बोलणाऱ्या मोठ्या माणसांच्या मेंदूंचा अभ्यास इथे चालला होता आणि तोही आपणहून मेंदूची चित्रं घेणाऱ्या मशीनमध्ये झोपला होता. निष्कर्ष ऐकायला आईवडिलांना मात्र त्यानं हट्टानं आणलं होतं.

"बोलायचं ठरवणारा भाग आणि जीभ-ओठ हलवणारा भाग. यांना जोडणारे तंतू डावीकडे जरा विरळ दिसतात, म्हणून उजवी बाजू जास्त राबते. असं पुष्कळांत आढळतं. आधी हे की आधी अडखळणं, ते मात्र आम्हालाही अजून नक्की ठाऊक नाही."

"म्हणजे... नक्कल करून नाही होत?" आईनं हळूच विचारलं.

तिचा धाकटा भाऊ असाच अडखळायचा. लहानपणी वेल्डरचीही जीभ अडू लागली, तेव्हा "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," असं म्हणून वडिलांनी मामाला घराचं दार बंद केलं होतं. भावाशी बोलायचं तर आईला वडील बाहेर जायची वाट बघावी लागायची. आणि वेल्डरला इतकी वर्षं वाटत आलं होतं की नक्कल आपण केली आणि शिक्षा मामानं भोगली.

"नकलेनं नाही होत," बाई म्हणाल्या. "घराण्यात मात्र बऱ्याचदा असतं."

वडिलांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! म्हणजे खोट हिच्या माहेरचीच. मी काय वेगळं सांगत होतो?"

विज्ञानानं एवढा घाम गाळावा आणि माप पडावं शेवटी वडिलांच्याच पदरात! आईनं मान खाली घातली. ते पाहून वेल्डरचं डोकं तापलं.

"बाबा, ही ख-ख-ख..." त्याची मान ताणली, जबडा थरथरला. एरवी त्यानं दुसरा एखादा सोपा शब्द धरला असता, नाहीतर विषयच सोडला असता. आज त्यानं तोच शब्द घट्ट धरून ठेवला. "...खोट नाही. तुम्ही म्हणायचात, गुण लागला. ल-लागला नाही. हा वाणच आहे. म-मामाचा आहे, आणि मला तो च-चालतो."

"अरे, पण चारचौघांत..."

"रविवारी माझं लग्न आहे. चारचौघं त-तिथेच असतील. मामा येणार. पहिल्या रांगेत ब-बसणार. आणि आभाराचं भाषण तुम्ही नाही, मी करणार. किती का व-वेळ लागेना. ज्याला घाई असेल, त्यानं आधी जेवून घ्यावं."

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. ते लपवायला त्या पडद्याकडे वळल्या.

"आणि एवढं सगळं झाल्यावर त्याला कुठल्या तोंडानं बोलवायचं?" वडिलांनी विचारलं.

"ह्या," वेल्डरनं आपल्या ओठांवर बोट ठेवलं. "आई, न-नंबर लाव."

आईनं पर्समधून फोन काढला. नंबर तिला पाठ होता. तिनं स्पीकर सुरू केला आणि फोन टेबलावर ठेवला. दुसऱ्याच घंटीला मामानं तो उचलला.

"म-म-म..." वेल्डर अडला. पलीकडे फक्त श्वास ऐकू येत होता. पण मामानं ना 'हॅलो, हॅलो' केलं, ना फोन ठेवला.

"म-मामा," शेवटी वेल्डर म्हणाला.

मग तिकडूनही सुरू झालं. "क-क-क..."

"कोण म्हणून विचारतोय तो!" वडिलांना राहवेना. "नाव सांग की तुझं."

वेल्डरनं हात वर केला. वडील गप्प झाले. तिकडचा शब्द आपल्या चालीनं येत राहिला.

"क-क-किती वाट बघायला लावलीस रे, भ-भाच्या!"