नथ्थूआबांचा जुना फोन

पोहे अर्धे झाले नाहीत तोच नथ्थूआबांनी कुंदनच्या पुढ्यात फोन ठेवला.

"हाऊ पाहा भाऊ. दहा वरीस व्हई ग्यात. केळीना पाटमा दोनदा बुडना, तरी धडधाकट शे. पन आते कोनतंच अ‍ॅप चालत नही."

कुंदननं बशी बाजूला सारली. मुलगी बघायला आलेले लोक आधी घर बघतात. त्यानं फोनचा मॉडेल नंबर बघितला.

रनाळ्याच्या कुंदनचं हे अकरावं स्थळ. वय एकतीस, घरची शेती, नंदुरबारला कॉम्प्युटर क्लासवर शिकवायची नोकरी आणि एक छंद. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनमध्ये तो दुसरी सिस्टीम घालायचा. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, खुली, फुकट. मेलेला फोन उठून बसायचा. मागच्या दहा घरांत त्यानं हा छंद सांगितला होता. आठ ठिकाणी पुढची बोलणी झाली नाहीत. दोन ठिकाणी सांगून पुरा होऊ दिला नाही.

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या या घराची तऱ्हा वेगळी होती. मध्यस्थ रेवजींचा निरोप असा की, पहिल्या फेरीला मुलानं एकट्यानं यावं आणि येताना लॅपटॉप आणावा. मुलगा कामाला कसा आहे ते आबांना बघायचंय. कुंदनच्या आईला हे खटकलं. कुंदनला मात्र वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर विषयाची परीक्षा घेतंय.

"रुचिका आतमा शे," आबा म्हणाले. "लाजस ती."

पडद्यामागे बांगड्या वाजल्या. कुंदनचे कान लाल झाले.

त्यानं कामाला हात घातला. दुसरी सिस्टीम घालता येऊ नये म्हणून कंपनीनं फोनला घातलेलं कुलूप उघडलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी फोटो लॅपटॉपवर उतरवून घेतले. चार हजार फोटो. केळीचे घड, म्हैस समोरून, म्हैस बाजूनं, विहिरीवरची मोटर, पुन्हा केळीचे घड. मुलीचा एकही नव्हता. घर फारच संस्कारी आहे, असं कुंदनला वाटलं.

फोटो उतरेपर्यंत आबांनी त्याला घर दाखवलं. फाटकाचं वेल्डिंग शहाद्याच्या एका मुलानं केलेलं. विहिरीची जळालेली मोटर तळोद्याच्या मुलानं नवी तार गुंडाळून भरून दिलेली. कूलर विसरवाडीच्या एकानं चालू केलेला. सगळे रुचिकाला बघायलाच आले होते. सगळे गुणी, पण एकाचीही पत्रिका जुळली नाही, असं आबा हळहळून सांगत होते. कुंदनला त्या मुलांचं वाईट वाटलं. मग थोडं बरं वाटलं.

कुलूप उघडलं. नव्या सिस्टीमची फाइल वायरमधून फोनमध्ये जाऊ लागली. दहा टक्के, तीस टक्के, सत्तेचाळीस. तिथं आकडा थांबला.

"अडकनं का?" आबांनी विचारलं.

"आबा, हे सत्तेचाळीसलाच थांबतं. थांबलं म्हणजे झालं."

आबांनी ही बातमी आत पोचवली आणि परत येऊन सांगितलं, "रुचिका म्हनस, पोऱ्याले धीर शे."

कुंदननं फोन चालू केला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. पाच मिनिटं फिरला. दहा मिनिटं फिरला. रुचिकानं कौतुक केलेला धीर आता सुटायला लागला. हा गोल असाच फिरत राहिला तर आबांचा फोन गेला, आणि फोनबरोबर अकरावं स्थळही गेलं. बारावं रेवजींच्या वहीत नव्हतं. रेवजींनी वही उलटी करून दाखवली होती.

कौसाबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, पुरी आणि आमरस आणून ठेवला. कुंदननं वाटीकडे बघितलंही नाही. आबांनी फोनला हात जोडले. ते बघून कुंदननंही जोडले. क्लासवर मुलांना तो असं काही करू देत नसे.

अठराव्या मिनिटाला गोल थांबला आणि पडद्यावर स्वच्छ मराठीत अक्षरं उमटली: स्वागत आहे.

आबांनी कुंदनला मिठी मारली. केळीचे भाव उघडले, हवामान उघडलं, नातेवाइकांचे साठून राहिलेले सुप्रभात एकामागून एक येऊन पडले. फोन एकदाही अडला नाही. कुंदननं आमरसाच्या तीन वाट्या संपवल्या आणि तेवढ्या वेळात मुक्त सॉफ्टवेअरचं सगळं तत्त्वज्ञान सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. वर दोन प्रश्नही विचारले. अकरा घरांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

निघताना त्यानं धीर करून विचारलं, रुचिकाला हे सगळं कसं वाटलं?

आबा आत गेले. पडद्यामागे कुजबुज झाली, बांगड्या वाजल्या. आबा बाहेर आले.

"तिले पटनं. म्हनस, फोनवर कोनी नजर ठेवानी नही, हाई चांगलं शे. मानसासनं बी आसंच पाहिजे."

कुंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांत त्याला इतकं कुणी समजून घेतलं नव्हतं. आबांनी केळीचा अख्खा घड गाडीला बांधून दिला, निरोप रेवजींकडून येईल म्हणाले, आणि कुंदन तापीच्या पुलावरून मोठ्यानं गात निघून गेला.

गाडीचा आवाज विरेपर्यंत आबा फाटकात उभे होते. मग ओसरीवर येऊन बसले आणि फोन या हातातून त्या हातात फिरवत राहिले. पडदा सारून कौसाबाई बाहेर आल्या. रस्त्याकडे बघत त्यांनी एक उसासा टाकला.

"पोऱ्या लाखमा एक शे," त्या म्हणाल्या. "आपले एखादी पोरगी ऱ्हाती ना, ते यालेच दिधी ऱ्हाती."