नसलेला इशारा

"विकलं!" टिकेकर ओरडले की ऑफिसात ढोल वाजायचा आणि सगळ्यांना नाचावंच लागायचं. हे साहेब माशाला छत्री विकून वर तिच्या दुरुस्तीचा करारही करणारे.

या वेळी त्यांनी एका रुग्णालयाला औषधाचा डोस चुकला की इशारा देणारं सॉफ्टवेअर विकलं. त्या इशाऱ्याचा कोड प्रोग्रामर शलाकाने अजून लिहिलाच नव्हता.

"सर, पेशंट मरतील!"

"आधी नाच गं. लिही सावकाश."

शलाकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नोकरी गेली खड्ड्यात, म्हणत दुसऱ्या दिवशी तिने थेट त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोन लावला. "तो इशारा सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. वापरू नका!"

डॉक्टर हसले. "टिकेकर म्हणालेच होते, तुम्ही स्वतःच्या कामाला नावं ठेवता. अहो, सकाळपासून वापरतोय. एकदाही इशारा आला नाही, म्हणजे आमची एकही चूक नाही!"