उकळलेलं पाणी

“ताई, बोअरच्या पाण्याला घासलेटचा वास मारतो,” शेजारची दुर्गा म्हणाली, ते रेवतीने हसण्यावारी नेलं. “उकळलं की काही राहत नाही गं!” बी.एस्सी. झालेल्या ताईचा शब्द म्हणून पोटुशी दुर्गा तिच्याकडूनच उकळलेलं पाणी नेऊ लागली. डोकमर्डी गावातल्या त्या चाळीत, नवरे कंपनीत गेले की, दिवसभर बोलायला दोघीच. सातव्या महिन्यात दुर्गा नवापूरला माहेरी गेली. तीन महिन्यांनी चाळीशेजारच्या पेट्रोलपंपामागची जमीन तपासायला माणसं आली. खोलवरची काळी माती बरणीत भरत साहेब म्हणाले, “जमिनीखालची टाकी गळतेय. डिझेल बोअरपर्यंत पोचलंय.” कडेवर लेक घेतलेल्या रेवतीला त्या मातीचा वास ओळखीचा वाटला, रोज पातेल्यातून वाफेबरोबर यायचा, तोच. “उकळून चालेल ना?” “नाही हो, ताई.” दुर्गाचा फोन बंद, तिचा नवराही कंपनीतली नोकरी सोडून गेलेला. तुम्ही नवापूरकडचे असाल, तर रेवतीसाठी दुर्गाला शोधा, मायलेकरं बरी आहेत का बघा.