वाडीतला पहिला फोन

"पहिला फोन लहानीवहिनी लावतील," जगननं माईकवरून सांगून टाकलं. "आपल्या सुनिलला."

टॉवर सुरू झाला त्या दुपारी खळ्यावर मांडव घातला होता. लहानी बायांच्या घोळक्यातून उठली, पदर सारखा केला आणि पुढं गेली. टाळ्या वाजल्या. माळशेज घाट चढून चाकणच्या कंपनीत लागलेलं वाडीतलं पहिलं पोर म्हणजे तिचा सुनिल. त्याच्या शब्दावर पुढं आणखी पोरं गेली. त्यांचे आईबाप समोरच बसले होते. शिमगा झाला की जगनचा धाकटाही जायचा होता.

आजवर सुनिलशी बोलायचं म्हणजे पठारावर चढायचं. तिथल्या कातळावर तेवढी रेंज यायची, तीही जगनच्या फोनला, आणि मागं माणसं खोळंबलेली. "बरा हायस ना?" "बरा हाय." एवढ्यात बोलणं संपायचं. गेल्या खेपेला मात्र फोन ठेवता ठेवता तो म्हणाला होता, "टॉवर झाला का मला लाव, आये. घरात बसून बोलू."

तिच्याही मनात घरूनच लावायचं होतं. पण सगळ्या वाडीसमोर मान मिळत होता. तो कसा सोडायचा?

दिवाळीला सुनिलनंच आणून दिलेला फोन तिनं पदराखालून काढला. अंगणवाडीच्या सारिकानं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माईकपाशी धरला. आंब्याला बांधलेल्या कर्ण्यातून रिंग वाजू लागली. जगननं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"आये?"

"हां रे, मीच."

"टॉवर झाला? घरातून बोलतेस?"

"झाला, झाला."

"एकटीच हायस ना?"

लहानीनं सारिकाकडं बघितलं. टॉवरच्या साहेबांनी लांबूनच खूण केली, बोला, बोला. ती बोलायच्या आत सुनिलच बोलायला लागला. किती दिवसांचं तोंडाशी धरून ठेवल्यासारखा तो बोलत होता.

"आये, माझ्यानं नाय होत गो इथं. रातपालीला उभ्या उभ्या डोला लागतो. परवा मशिनीत हात जायचा वाचला. पठारावर कसा सांगू, जगनकाका बाजूला असायचा. या पोरांना पन मीच आनलाय. त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवू? मी परत येऊ काय? तू नुसता ये म्हन. उद्या सकाली निघतो."

आणि मग कर्ण्यातून रडणं ऐकू आलं. पुरुषाचं, आवरता न येणारं.

जगन माईकच्या वायरीकडं बघत राहिला. पुढच्या रांगेत गोदू होती, तिचा एकुलता एक लेक सुनिलबरोबर गेलेला. ती लहानीकडं टक लावून बघत होती.

लहानी हसली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसली.

"ये ना रे! शिमग्याला ये! आमी सगली वाट बघतो हाय!" मग मांडवाकडं वळून म्हणाली, "आयची आठवन येते त्याला. लहानपनापासून असाच हाय."

एकदोघं हसले. ते हसू कर्ण्यातून फिरून सुनिलच्या कानापर्यंत गेलं असावं. पलीकडचं रडणं एकदम थांबलं.

"आये, कोन हाय तिथं?"

"सगली हायत. साहेब पन हायत."

मग तो बोलला, पठारावर ऐकू यायचा त्या आवाजात. "बरं. शिमग्याचा बघतो. बरा हाय इथं. सगल्यांना सांग."

फोन बंद झाला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "आवाज एकदम क्लिअर आहे," साहेब म्हणाले. नारळ फुटला, खोबरं वाटलं. गोदू जवळ आली आणि हळूच म्हणाली, "माझा पोर बरा असंल ना गो?"

"असंल का नाय," लहानी म्हणाली. तिच्याकडं न बघता.

ती मांडवात थांबली नाही. घरी आली, दार लोटून घेतलं आणि सारिकानं दाखवलं होतं तसं बटण दाबलं. पहिल्यांदा त्यानं फोन कापला. दुसऱ्यांदाही कापला. चुलीपाशी बसून ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. दिवेलागणीला त्यानं उचलला.

"सुनिल, मी घरात हाय. कोन नाय आता. बोल, बाबा."

"काय बोलू? बरा हाय सगला. तू जेवलीस?"

"तू ये. उद्याच ये. मी ये म्हनते ना! नको ती कंपनी."

त्याच्यामागं कसली तरी घरघर चालली होती. ती ऐकू येत होती. त्याचा श्वासही ऐकू येत होता, शेजारी बसल्यासारखा.

"येतोस ना रे?"

"दुपारी म्हनली असतीस तर आलो असतो, आये," सुनिल म्हणाला. "कायपन सांगितला असता वाडीत. तब्येत बरी नाय, काम सुटला, कायपन. आता कसा येऊ? आता सगल्यांनी ऐकला."