पाच नंबरचा बोअर

पाच नंबरचा आलेख तिसऱ्यांदाही तसाच आला. वरपासून खालपर्यंत डाव्या कडेला चिकटलेला.

"हा तर झोपूनच गेला मॅडम," तार गुंडाळायच्या विंचवर बसलेला प्रवीण म्हणाला. "मशीन बरोबर आहे. आताच चार नंबरमध्ये तपासली."

उर्वशीनं लॅपटॉप सावलीत ओढला. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. बोअरमध्ये तारेला बांधलेली कांडी सोडायची, कांडीतून करंट सोडायचा. चुनखडीतून करंट जाता जात नाही, आलेख उजवीकडे चढतो. चिकणमातीतून तो सहज जातो, आलेख डावीकडे पडतो. पहिल्या चारही बोअरमध्ये तीस-तीस मीटर चुनखडी लागली होती. पाचवा बोअर चिंचटोला गावाच्या काठावर, आज त्यांना जेवायला बोलावणाऱ्या गुणाबाईच्या अंगणापासून पन्नास पावलांवर. अन् तिथं नुसती माती? दगड काही असा वाटेतून पळून जात नाही.

बोअर पाडताना निघालेला चुरासुद्धा पांढरा होता. पण चुऱ्याच्या पिशव्यांवरचे नंबर पुसले जातात, म्हणून ऑफिस आलेखावरच भरवसा ठेवायचं. याच आलेखांवरून नव्या खदानीची हद्द ठरणार होती. पाचखाली चुनखडी निघाली तर चिंचटोला हद्दीच्या आत, नाही तर बाहेर.

"बाई, जेवाले चला. दगड काई पळून नाई राह्यला," गुणाबाईनं अंगणातून हाक मारली.

उर्वशीला हसू आलं. पळूनच तर राहिला होता.

तुरीचं वरण, भात, वांग्याची भाजी. कशातच मीठ नव्हतं. काल दोघं शेजारच्या मंगलीकडे जेवले, तिथंही तसंच.

"काऊन बाई, अख्ख्या गावाले बीपी झाला का?" प्रवीणनं विचारलं.

"मीठ संपलं बाप्पा," गुणाबाई घाईनं म्हणाली. तिचा मुलगा लटारू ताटात तोंड घालून हसला.

उर्वशी घर पाहत होती. पाऊस तोंडावर आला होता, तरी छपराचे कवेलू फेरलेले नव्हते. भिंतींना बोटबोट भेगा, पण लिंपणाचा हात कुठंच फिरला नव्हता. दाराशी दोरीनं आवळलेली लोखंडी पेटी. घर जाणार हे ठाऊक असल्यावर भिंतीला हात लावायचं मन कोणाला होईल? तिनं भात बाजूला सारला. बिनमिठाचा होता म्हणून नव्हे.

दोन वाजता जुन्या खदानीतला सुरुंगाचा बार उडाला. ताटं थरथरली, छपरातून धूळ वरणात पडली. कोणी मान वर केली नाही. आतल्या खोलीत सून पुनम खोकत राहिली.

"सांग ना वं बाई," गुणाबाईनं उर्वशीचा हात धरला. "आमचं गाव जाते का राह्यते?"

"अजून मलाच समजत नाही, गुणाबाई."

जेवून ती बोअरवर परत गेली. प्रवीण कांडी वर घेत होता. ओल्या तारेचे दोन थेंब उर्वशीच्या ओठांवर उडाले. तिनं सवयीनं जीभ फिरवली.

खारट.

तिनं बोट तारेवरून फिरवून पुन्हा चाखलं. खारटच.

पहिल्या दिवशी बायांनी विचारलं होतं, ही तार करते तरी काय. उर्वशीनं ग्लासभर पाण्यात दोन तारा बुडवल्या, त्यांना सेल आणि एक छोटा दिवा जोडला. दिवा पेटला नाही. पाण्यात मीठ टाकलं, पेटला. "असा करंट खाली चालतो की नाही, तेच आम्ही पाहतो," ती म्हणाली. बायांनी टाळ्या वाजवल्या. "आमच्या गावाले करंट कधी पुरा भेटतच नाई," असं गुणाबाई म्हणाली अन् सगळ्या हसल्या. तेवढ्यात प्रवीणनं बोलावलं. दगडातून करंट जात नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

"मॅडम, टँकर उभा आहे," प्रवीण म्हणाला. "गोड्या पाण्यानं बोअर धुऊन घेऊ अन् अजून एकदा मोजू?"

त्यानं विचारलं ते बरोबरच होतं. तासाभरात खरं काय ते कळलं असतं.

उर्वशीचं आजोळ कोळशाच्या खाणीत गेलं होतं. भद्रावतीच्या दोन खोल्यांत आई अजूनही सांगत बसायची, त्या घराचं दार कोणत्या दिशेला होतं, पेरूचं झाड दाराच्या कोणत्या हाताला. इथं तर बायांनी चुलीजवळचं मीठ बोअरमध्ये ओतून दगड लपवला होता.

"नको," ती म्हणाली. "जाऊ दे टँकर."

"पण मॅडम, चुरा तर..."

"पिशव्यांचे नंबर पुसतात, प्रवीण."

पाच नंबरपुढे तिनं 'चिकणमाती' असं लिहिलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खोटं. अक्षर मात्र चांगलं आलं. अहवाल पाठवला आणि ती ताठ मानेनं गुणाबाईच्या अंगणात गेली. बाया आधीच जमल्या होत्या. लटारू बांधलेल्या पेटीवर बसून होता.

"गाव राहतंय," उर्वशी म्हणाली. "खाली दगड नाही, माती आहे. खदान तिकडूनच वळणार. कोणी तुम्हाला इथून हलवणार नाही."

लटारू पेटीवरून उठला आणि दोरीची गाठ सोडू लागला. गुणाबाईनं भिंतीवरच्या भेगेवरून बोट फिरवलं. मग पदर तोंडाला लावून ती मंगलीकडे वळली.

"तुले म्हटलं होतं ना वं मंगले, दोन गोण्या मिठानं भागत नाई म्हणून! अजून टाकलं असतं तर करंट पुरा भेटला असता, अन् खदानीत गाव जाऊन सुटलो असतो इथून."